पंडित परत हवेत कशाला?

जुलै २०२५ मध्ये कोलकाता नाइट रायडर्स आणि त्यांचे मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची फारकत झाल्याची बातमी आली आणि आमच्या जवाहरनगरात एका जुन्या वादाला पुन्हा उकळी फुटली. (वाचक बहुतांशी मराठीचे विद्यार्थी व अध्यापक असल्यामुळे आधीच सांगून ठेवतो, की येथे पंडित म्हणजे क्रिकेटचे पंडित; वामनपंडित आणि मोरोपंत यांच्या परंपरेशी त्यांचा संबंध नाही.) आयुध निर्माणीच्या वसाहतीजवळ, महामार्गाच्या कडेला एक चहाची टपरी आहे. पाळी संपवून आलेले कामगार, निवृत्त फोरमन आणि तासिका आटोपलेले आमच्यासारखे अध्यापक असा संमिश्र दरबार तेथे संध्याकाळी भरतो. त्या दरबाराचे म्हणणे असे पडले, की पंडित आता मोकळे झालेच आहेत, तर विदर्भ क्रिकेट संघटनेने त्यांना मानाने परत आणावे. खरे म्हणजे २०२० मध्ये त्यांना जाऊच द्यायला नको होते. एक निवृत्त काका आमच्याकडे वळून म्हणाले, ‘‘सर, तुमीच सांगा जी, जितणाऱ्या घोड्याले कोनी बदलवते का?’’

आम्ही तेव्हा गप्प राहिलो. आम्ही दोघे मराठी शिकवतो, क्रिकेट शिकवत नाही. टपरीवरच्या जाणकारांपुढे तोंड उघडण्याचा संकोच होता. पण हाच युक्तिवाद दोन दिवसांनी आम्हांला स्टाफरूममध्ये ऐकू आला, आणि या वेळी तो ‘परंपरा’, ‘संस्कार’, ‘गुरुकुल’ असे शब्द पांघरून आला होता. तेथे विरोधी पक्षही होता. त्याचे म्हणणे, पंडित म्हणजे हुकूमशहा. खेळाडू त्यांना कंटाळतात, म्हणून कोठेही टिकत नाहीत. दोन्ही पक्ष तासभर भांडले. आम्हांला दोन्ही पक्ष सारखेच चुकीचे वाटले आणि संकोच गळून पडला. हा लेख त्या भांडणाविरुद्ध आहे. पंडितांविरुद्ध नाही, हे मुद्दाम नोंदवतो. कारण आमच्याकडे एखाद्या मोठ्या माणसाची गरज संपली असे म्हणणे हा त्याचा अपमान मानला जातो.

आधी त्यांचे कर्तृत्व. मुंबईचे यष्टिरक्षक आणि फलंदाज, रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेले. १९८६ ते १९९२ या काळात भारताकडून पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळले. प्रशिक्षक या नात्याने त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन रणजी करंडक मिळवून दिले. २०१६-१७ मध्ये मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली, इंदूरला गुजरातकडून हरली, आणि त्यानंतर मुंबईने पंडितांच्या जागी समीर दिघे यांना नेमले. लागोपाठच्या दोन हंगामांत एक करंडक आणि एक अंतिम सामना एवढे देऊनही त्यांना जावे लागले. पंडित विदर्भात आले. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत त्याने अंतिम सामन्याचे तोंड पाहिले नव्हते. त्या पहिल्याच हंगामात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या, ते १९२ वर बाद झाले. रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या पोराने त्या डावात सात बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याचीच हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरचे पहिले शतक, आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विजय. मुंबईने नाकारलेला माणूस ज्या मैदानावर आदल्या वर्षी हरला होता, त्याच मैदानावर विदर्भाला घेऊन जिंकला. २०१८-१९ मध्ये नागपूरलाच, जामठ्याच्या मैदानावर, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून दुसरा करंडक आला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आला.

यातले काहीही खोटे नाही. आम्ही स्वतः त्या नववर्षाच्या दिवशी दूरचित्रवाणी संचासमोर लहान मुलांसारखे नाचलो होतो.

पण ‘जितणाऱ्या घोड्या’चे शास्त्र येथेच अडखळते. कारण २०१९-२० चा हंगाम पंडितांचाच होता आणि त्यात विदर्भ बाद फेरीतही गेला नाही. मार्च २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. म्हणजे ते ‘जिंकता जिंकता’ गेले हे टपरीवरचे स्मरण मुळातच सोयीचे आहे. मधला हंगाम आमच्या लोकांनी मनातून खोडून टाकला आहे. आणि विरोधी पक्षाने तोच एक हंगाम काचेच्या पेटीत जपून ठेवला आहे. ‘यश मिळते म्हणून ठेवा’ आणि ‘यश थांबले म्हणून काढा’ हे दोन पक्ष आहेत असे म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या मते तो एकच विचार आहे. निकाल हाच प्रशिक्षकाच्या कामाचा पुरावा, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते फक्त कोणत्या वर्षाचा निकाल कागदावर मांडायचा यावर.

निकालाचा पुरावा किती लवचीक असतो ते मुंबईच्या उदाहरणात पाहावे. पंडितांना काढल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, डिसेंबर २०१७ मध्ये, मुंबई नागपूरला कर्नाटकाविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात एक डाव आणि २० धावांनी हरली. ‘शाप लागला’ असे म्हणणारे लोक आम्हांला ठाऊक आहेत. मग मार्च २०२४ मध्ये ओंकार साळवी यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने बेचाळिसावा करंडक जिंकला. तेव्हा शाप उतरला, की मुळात तो नव्हताच? खुद्द पंडितांच्या बाबतीतही तसेच. त्यांनी मध्य प्रदेशाला जून २०२२ मध्ये बंगळूरला मुंबईविरुद्ध करंडक मिळवून दिला, तेव्हा सारे श्रेय त्यांचे ठरले. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर, याच राज्याचे कर्णधार म्हणून ते कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना हरले होते, या योगायोगाने ती कथा आणखी गोड झाली. २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकली, मुख्य प्रशिक्षक पंडितच होते, आणि श्रेय मात्र मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्या पदरात पडले. त्याच माणसाने तेच काम केले, आणि एकदा तो सर्वस्व ठरला तर एकदा कोणीच नाही. जी फूटपट्टी दर वेळी वेगळी लांबी दाखवते, तिने मोजायचे तरी काय?

वर्गात आम्ही रोलाँ बार्थ शिकवतो. कृतीचा अर्थ लेखकाच्या चरित्रात आणि हेतूत शोधू नका, असे विद्यार्थ्यांना बजावतो आणि विद्यार्थी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. तेच आम्ही वर्गाबाहेर पडताच अकरा खेळाडूंच्या, मैदान राखणाऱ्यांच्या, चौदा वर्षांखालील संघांपासून मेहनत घेणाऱ्यांच्या कामाला एका माणसाची सही लावून मोकळे होतो. विदर्भाचा तो संघ पंडितांनी ‘लिहिला’ म्हणावे, तर चाळिशी ओलांडलेल्या वसीम जाफरच्या २०१८-१९ मधल्या १०३७ धावा कोणी लिहिल्या? जाफर पंडितांच्या आधीपासून विदर्भाकडून खेळत होता. गोलंदाजांबरोबर सुब्रतो बॅनर्जी राबत होते. कर्णधार फैज फजल वर्षानुवर्षे हरणाऱ्या विदर्भाकडून सलामीला येत राहिला होता. आणि या सर्वांच्या आधी, खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळून गेला होता. विदर्भातल्या एखाद्या कारखान्याच्या किंवा खाणीच्या वसाहतीतला पोरगाही तेथवर पोहोचू शकतो, हे आमच्यासारख्या वसाहतींना त्यानेच दाखवले.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण स्टाफरूममधल्या भांडणात फेकले गेले होते, म्हणून त्याची दखल घेतो. शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाला फिल जॅक्सन यांनी १९९१ ते १९९८ या काळात सहा विजेतेपदे मिळवून दिली. शेवटच्या हंगामाआधीच व्यवस्थापक जेरी क्राउस यांनी बजावले होते, की सर्वच्या सर्व ८२ सामने जिंकलात तरी पुढच्या वर्षी तुम्ही नसाल. जॅक्सन विजेतेपद जिंकून गेले. त्यांच्याबरोबर मायकेल जॉर्डनही गेला. पुढच्या हंगामात बुल्सने ५० पैकी १३ सामने जिंकले, आणि त्या संघाला त्यानंतर विजेतेपद मिळालेले नाही. ‘बघा, जिंकणाऱ्याला बदलले की काय होते!’ असे आमचे सहकारी टेबलावर हात आपटून म्हणाले. आम्हांला त्या गोष्टीत वेगळेच दिसते. प्रशिक्षक गेला, त्याबरोबर अव्वल खेळाडूही गेले आणि मागे काहीच उरले नाही. क्राउस यांचा उद्दामपणा अक्षम्य होता, यात वाद नाही. पण सहा विजेतेपदांनंतर तेरा सामन्यांवर येणारी संस्था म्हणजे नुसते एका पिढीला दिलेले भाड्याचे घर. पिढी गेली आणि घर रिकामे झाले.

तर मग प्रशिक्षकाचे काम कशाने जोखावे? याचे उत्तर आम्हांला क्रिकेटने दिले नाही, आमच्या व्यवसायाने दिले. आमच्यापैकी एकाने जेथे एम.ए. केले, त्या विभागात एक नामांकित प्राध्यापक होते. विभागाचे व त्यांचे नाव येथे अप्रस्तुत आहे. त्यांच्या टिपणांची कीर्ती एवढी, की गुणवत्ता यादीत त्यांचे विद्यार्थी नाहीत असे वर्ष जात नसे. त्यांना बदलावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. यशस्वी माणसाला कोण बदलतो? ते निवृत्त झाले आणि विभाग त्यांच्या टिपणांवर पुढे कित्येक वर्षे जगला. झेरॉक्सच्या झेरॉक्स निघून अक्षरे पुसट झाली, तरी विद्यार्थी तीच वाचत होते. अभ्यासक्रमात नवा कवितासंग्रह लागला, की विभागात शोककळा पसरे, कारण त्याचे टिपण नव्हते. त्या वर्गातून बाहेर पडलेल्या आमच्या या मित्राला स्वतः शिकवायला उभे राहिल्यावर पहिली दोन वर्षे एकही कविता स्वतःच्या बळावर वाचता येत नव्हती. हे तो स्वतः सांगतो आणि अजूनही त्याचा आवाज कडवट होतो. गुणवत्ता यादी खोटी नव्हती. फक्त तिने त्याला काही शिकवले नव्हते.

तेव्हापासून आमची एकच कसोटी आहे. ज्याचे टिपण हातात नाही अशी कविता समोर आली असता विद्यार्थी काय करतो? शिक्षक खोलीत नसताना काय करतो? प्रशिक्षकालाही आम्ही हीच कसोटी लावतो, आणि ती लावायची तर तो आधी गेलेला असावा लागतो. जो कधी जातच नाही, त्याचे शिकवणे जोखताच येत नाही.

पंडितांची ही परीक्षा प्रत्यक्ष झाली, आणि तीही आमच्या डोळ्यांसमोर. मार्च २०२४ मध्ये रणजीचा उपांत्य सामना जामठ्याला विदर्भ आणि मध्य प्रदेश यांच्यात होता. मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. आम्ही चौथ्या दिवशी किरकोळ रजा टाकून, पहाटेच्या बसने नागपूर आणि तेथून वर्धा रस्त्याने जामठा असे गेलो. प्रेक्षागृह जवळजवळ रिकामे, उन्हाने खुर्च्या तापलेल्या. पहिल्या डावात विदर्भ १७० वर आटोपला होता, मध्य प्रदेशाने ८२ धावांची आघाडी घेतली होती. येथून सामना जिंकायचा, तर कोणीतरी हट्टाने खेळपट्टीवर उभे राहायला हवे होते. दुसऱ्या डावात यश राठोडने १४१ धावा केल्या. पंडितांच्या करंडक जिंकणाऱ्या संघांत हा मुलगा नव्हता. त्याला साथ दिली कर्णधार अक्षय वाडकरने ७७ धावांची. हा वाडकर मात्र पंडितांचा. २०१८ मध्ये इंदूरला पहिले शतक झळकावणारा, त्यांच्यासारखाच यष्टिरक्षक. विदर्भाचा डाव ४०२ पर्यंत लांबला. मध्य प्रदेशाला ३२१ हव्या होत्या. पाचव्या दिवशी ते २५८ वर बाद झाले. शिष्याने गुरूला हरवले, असे शीर्षक द्यायचा मोह कोणालाही व्हावा, पण ते अपुरे ठरेल. पंडितांनी घडवलेला एक आणि पंडितांनी न घडवलेला एक असे दोघे मिळून, पंडितांच्या डावपेचांविरुद्ध, पिछाडीवरून जिंकले. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या सहा रणजी करंडकांपेक्षाही आम्हांला हा त्यांचा पराभव मोठा वाटतो. त्या दिवशी आम्हांला कळले, की २०२० मध्ये ते गेले हे विदर्भाचे भाग्य होते.

लगेच आक्षेप येईल की मधल्या काळाचे काय? २०२१-२२ आणि २०२२-२३ या हंगामांत विदर्भ बाद फेरीत नव्हता. नव्हता, खरे आहे. शिक्षक गेल्यानंतर विद्यार्थ्याला स्वतःचा आवाज सापडेपर्यंत काही काळ जातो, आणि तो काळ बाहेरून नापास झाल्यासारखाच दिसतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर म्हाइंभट रिद्धपुरास, इथे आमच्या विदर्भातच, ज्याने जे पाहिले ते विचारीत बसले आणि त्यातून लीळाचरित्र झाले. स्वामी समोर असताना ते लिहिण्याची गरज कोणाला पडली नव्हती. (एका क्रिकेट प्रशिक्षकाची तुलना आम्ही स्वामींशी करीत नाही, महानुभाव वाचकांनी रागावू नये. आम्ही तुलना करतो आहोत ती मागे राहिलेल्यांची.)

आता विरोधी पक्षाकडे वळू, कारण त्यांनाही मोकळे सोडण्याचा आमचा विचार नाही. ‘हुकूमशहा’ हा त्यांचा शब्द. मुंबईने २०१७ मध्ये पंडितांना बदलले, तेव्हाही त्यांचा कडकपणा काही खेळाडूंना रुचत नव्हता, अशाच बातम्या होत्या. आमची तक्रार अशी, की हे कारण उघडपणे मांडून, त्यावर चर्चा करून बदल झाला असता, तर आम्ही त्याचे समर्थन केले असते. यशस्वी माणसाच्या वागण्याबद्दल तक्रार करताच येत नाही, असे आम्ही मानत नाही. पण कुजबूज करायची आणि निर्णय मात्र ‘नव्या विचारांची गरज’ म्हणून जाहीर करायचा, ही रीत आपल्या साहित्य संस्थांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वत्र बोकाळली आहे. क्रिकेट संघटनांकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवावी?

आणि कडकपणाबद्दल बोलायचेच, तर तो कोणापुढे चालतो, हेही विचारायला हवे. कोलकाता नाइट रायडर्सकडून खेळलेला नामिबियाचा डेव्हिड वीजा याने २०२४ मध्ये उघडपणे सांगितले, की पंडितांची लष्करी थाटाची शिस्त परदेशी खेळाडूंना जाचत होती. तो हे सांगू शकला, कारण त्याला जायला दुसऱ्या लीग होत्या, दुसरे देश होते. मराठीत याचा जुना दाखला आहे. श्री. पु. भागवतांच्या ‘सत्यकथे’ची संपादकीय शिस्त प्रसिद्ध होती. तिने कित्येकांना घडवले आणि कित्येकांचा जीव गुदमरवला. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांनी संपादक बदला असे निवेदन दिले नाही. त्यांच्याकडे सायक्लोस्टाइलचे यंत्र होते, स्वतःची नियतकालिके होती, फटकून राहण्याची हिंमत होती. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली, तोवर मराठी कवितेला तिच्याबाहेर अनेक घरे झाली होती. ज्याला दुसरे घर आहे, तोच शिस्तीबद्दल बोलू शकतो. २०१७ च्या विदर्भ संघातल्या एखाद्या पोराला ती शिस्त जाचली असती, तर त्याने कोठे जाऊन सांगितले असते? आमचे सहकारी म्हणतात, ‘आपल्या पोरांनी कधी तक्रार केली नाही, यावरूनच पंडित कसे होते ते कळते.’ आमच्या मते यावरून पंडितांबद्दल काहीच कळत नाही. आपल्या पोरांबद्दल कळते.

आणि आपल्याबद्दलही. मुंबईला जो माणूस जड झाला, तो आम्हांला देवासारखा का वाटला, याचे उत्तर केवळ दोन करंडकांत नाही. आम्हां विदर्भातल्या लोकांच्या मनात एक पक्के बसले आहे: आपण ढिले आहोत, आपल्यात गुण आहेत पण वळण नाही, आणि ते वळण लावायला पश्चिमेकडून कोणीतरी यावे लागते. क्रिकेटमध्ये तो कोणी मुंबईचा असतो. भाषेत तो पुण्याचा असतो. येथे आम्हांला स्वतःचाच कान धरावा लागेल. आम्ही झाडीबोलीच्या मुलखात मराठी शिकवतो. वर्गातला मुलगा ‘मी जातो सर, मले काम हाय’ म्हणाला, की आम्ही हसून ‘मला काम आहे’ असे दुरुस्त करतो. उत्तरपत्रिकेत तर हसतही नाही, लाल शाई वापरतो. वीस वर्षे हे केले. आमच्या हाताखालून गेलेल्या कित्येक मुलांनी पुढे चांगली, निर्दोष, प्रमाण मराठी लिहिली. त्यांतल्या कोणी आपल्या आजीच्या बोलीत एक परिच्छेद लिहिल्याचे आम्हांला आठवत नाही. आमच्या खोलीत नसताना ती मुले काय लिहितात, ही कसोटी आम्ही दुसऱ्याला लावायला निघालो आहोत आणि स्वतःला लावायचे धैर्य आता कोठे होते आहे.

म्हणून पंडितांना परत आणा या मागणीत आम्हांला पंडितांचे प्रेम कमी आणि स्वतःवरचा अविश्वास अधिक दिसतो. त्याचा सज्जड पुरावा असा, की ही मागणी जुलै २०२५ मध्ये होत होती, आणि त्याच वर्षी २ मार्चला विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला होता! केरळविरुद्ध जामठ्यालाच, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. पहिल्याच रणजी हंगामात अंतिम सामन्यात १५३ धावा करणारा दानिश मालेवार. हंगामात ९६० धावा करणारा यश राठोड. ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम करणारा हर्ष दुबे. कर्णधार पुन्हा वाडकर. उपांत्य सामन्यात मुंबई हरली होती. आणि गंमत अशी, की पंडितांच्या दुसऱ्या करंडकाचा नायक आदित्य सरवटे आता केरळकडून खेळत होता आणि त्यानेच विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. करुण नायर आणि ध्रुव शोरे बाहेरून आलेले होते, हे आम्ही लपवत नाही. दुसऱ्या डावातले नायरचे शतक विसरणेही शक्य नाही. पण संघाचा कणा येथलाच होता. त्या विजयाचे फटाके आमच्या वसाहतीत ऐकू आले नाहीत. २४ जानेवारीला निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले होते, आणि जेमतेम सव्वा महिना झाला होता. लोकांनी दारे लावून सामना पाहिला. कदाचित त्यामुळेही तो करंडक आमच्या आठवणीत नीट उतरला नसेल, हे मान्य करायला हवे.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आम्ही पुन्हा टपरीवर गेलो, आणि या वेळी गप्प राहायचे नाही असे ठरवूनच गेलो. पाऊस उघडला होता, काका नेहमीच्या बाकावर होते. आम्ही त्यांनाच त्यांचा घोडा परत दिला. म्हटले, ‘‘काका, तुमचा नियम आम्हांला मंजूर. जिंकणारा घोडा बदलायचा नाही. मग गेल्या मार्चमध्ये जिंकला, तो घोडा कोण?’’

काका म्हणाले, ‘‘कोन म्हंजे? आपली टीम.’’

‘‘टीम झाली. प्रशिक्षक कोण होते?’’

काकांनी शेजाऱ्याकडे पाहिले. शेजाऱ्याने टपरीवाल्याकडे. दोन तरुण कामगार मोबाइलमध्ये शोधू लागले, आणि रेंज नव्हती. आम्ही सांगितले, की उस्मान गनी. विदर्भाकडूनच रणजी खेळलेले, नागपूरचे. २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी करंडकापर्यंत संघ नेणारे. काकांनी मान डोलावली, बशीत चहा ओतला, दोन घोट घेतले.

‘‘असन जी,’’ ते म्हणाले. ‘‘पन पंडितायची गोष्टच वेगळी.’’